शेषरावची पुडी

तू फक्त ऐक, मधात बोलू नको! अकोल्याच्या दवाखान्यात पार्बताबाईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. भूल देणाऱ्या मॅडमनं इचारलं, “आजी, स्टेरॉइड घेता का? या भुलीच्या औषधाने ताण सोसायचं हार्मोन कमी बनतं. स्टेरॉइडने ते आधीच आटलं असलं, तर बीपी पडतं, जीव जाऊ शकतो.”

“मले गोळ्या लागतच नाई, माय! आमच्या शेषरावची जडीबुटीची पुडी पुरते. सारं अकोट नेते.”

भेटायले आलेल्या पुडीच्या गिऱ्हाइकायनं माना डोलावल्या. मॅडम बाजूले उभ्या तिच्या लेकाकडे, शेषरावकडे वळल्या. “पुडीत दुसरं काही मिसळत नाही ना, दादा?”



स्टेरॉइडच्या गोळ्या सोताच्या हातानं कुटून पुडीत घालणारा शेषराव स्ट्रेचरवरच्या मायकडे पाहे, अन् सारे गिऱ्हाईक त्याच्याकडे. सांग, तू काय म्हणला असता?