निरोपाचे दोन शब्द

गाडी विमानतळासमोर थांबली तशी माईंनी बटवा पदराखाली सरकवला. बटव्यात त्या देशाची एकच नोट उरली होती. पण होती चांगली दांडगी, आणि ती कुणालाही द्यायची नाही, हे माईंनी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

नोट विमानतळावरच्या दुकानातल्या अत्तरासाठी होती. गेल्या वर्षी विहीणबाई परदेशी जाऊन आल्या आणि बोटाएवढी कुपी आणून वर्षभर मिरवल्या. येता-जाता मनगट नाकाशी धरायच्या. "तुम्हाला नाही हो सोसायचा हा वास," असंही एकदा म्हणाल्या. तेव्हापासून माईंच्या डोक्यात मनगटाएवढी बाटली ठाण मांडून बसली होती. तीही स्वतःच्या साठवणीतून घेतलेली. लेकाच्या कार्डावर घेतलेली बाटली विहीणबाईंपुढे काय आपटायची?

अडचण एकच. खाली उतरून शिडी सामान काढत होता.

शिडी म्हणजे त्यांचा गाईड. गाडीही तोच चालवायचा. उंच आणि किडकिडीत, म्हणून माईंनी पहिल्याच दिवशी त्याचं हे नाव ठेवलं आणि पाच दिवस तोंडावर त्याच नावानं हाक मारली. त्याला मराठी येत नव्हतं, माईंना मराठीशिवाय काही येत नव्हतं. त्यामुळे दोघांचं छान जमलं. चढावर त्यानं माईंना पाठुंगळी घेतलं. काल माई दात हॉटेलच्या पेल्यात विसरल्या, तर हा गडी दोन गल्ल्या मागे धावत गेला आणि दात स्वतःच्या रुमालात गुंडाळून घेऊन आला.

कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की गाईडला पगार नाही, शेवटच्या दिवशी प्रवासी खुशीनं रोख देतील तीच त्याची कमाई. लेकानं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला होता. "खुशीनं म्हणजे सक्ती नाही," हा अर्थही त्यानंच लावला होता. त्याचा सगळा कारभार कार्डावर. खिसा झाडला असता तर लिमलेटची गोळी पडली असती.

"आई, तू काही बोलू नकोस," तो कुजबुजला. "हात जोडायचे, हसायचं आणि चालायला लागायचं. सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणून मीही करू होय रे? आजवर कुणाला रिकाम्या हातानं घालवलं नाही मी."

"मग काढ की बटवा."

माईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप खाली उतरला.

सामान लावून झालं. शिडी समोर येऊन उभा राहिला. माईंनी ओठांवर हसू ओढून आणलं आणि हात वर उचलले. तर त्यानंच आधी हात जोडले, कमरेत वाकला आणि एकेक अक्षर जपत म्हणाला, "सुट्टे नाहीत."

याला मराठी येतं! म्हणजे शिडी कळलं. काल सुनेला याच्या नाकाबद्दल सांगितलं तेही कळलं. आणि नोटेचा वासही लागलेला दिसतोय मेल्याला. मोडून द्यायला सुट्टे नाहीत म्हणून आधीच सांगून मोकळा!

"विचार रे, कुठं शिकला हे?"

लेकानं इंग्रजीत विचारलं. शिडी दोन्ही हात हलवत भरभरून बोलला. ऐकता ऐकता लेकाची मान खाली गेली.

"काय म्हणतो? नाकाचं काही बोलला का?"

"नाही गं. नऊ वर्षं आपल्या लोकांना फिरवतोय म्हणे. मराठी एवढंच येतं. जाताना आपले लोक इथंच उभे राहतात, हात जोडतात आणि त्याला हेच म्हणतात." लेक घुटमळला. "त्याला वाटतं, आपल्यात निरोप असाच घेतात. म्हणजे... सुखरूप जा, असं काहीतरी."

सून उगाचच बॅगेची चेन उघड-बंद करायला लागली. शिडी मात्र माईंच्या तोंडाकडे बघत होता. बरोबर म्हटलं ना मी, असा त्याचा चेहरा.

त्याला बरोबर काय ते सांगायला माईंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. विहीणबाईंचं मनगट एकदा डोळ्यांपुढून गेलं. जाऊ दे मेलं! माईंनी बटवा काढला, नोट त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची लांबलचक बोटं स्वतःच्या हातांनी मिटली.

शिडीनं मूठ उघडून पाहिलं आणि घाबराघुबरा होऊन खिसे चाचपायला लागला. एवढ्या नोटेतून बाईंना किती परत द्यायचे, हेच त्याला कळेना.

"ठेव रे, ठेव सगळी," माई डाफरल्या. ते मात्र त्याला न शिकवता कळलं. डोळे पुसायला त्यानं तोच दातांचा रुमाल काढला.

"आई," लेक हळूच म्हणाला, "त्याला खरा अर्थ सांगू का?"

"खबरदार! नऊ वर्षांचे निरोप आहेत त्याच्याकडे. ते काढून घेतोस?"

गाडी वळली. खिडकीतून एक लांब हात बाहेर आला आणि शिडी घसा ताणून ओरडला, "सुट्टे नाहीत!"

येणारे-जाणारे चार मराठी लोक दचकून थांबले. माईंनी कुणाकडे पाहिलं नाही. रिकामा बटवा झेंड्यासारखा उंच धरून हलवला आणि त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या, "सुट्टे नाहीत रे लेकरा, सुट्टे नाहीत!"