बेकरीच्या कोपऱ्यावरचे चार सूर

रागनाने फुंकलं. काहीच आलं नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. उशीत तोंड खुपसून रडावं तसं काहीतरी आत घुसमटलं आणि आतच राहिलं. पुढे ढोल दणाणत होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक झेंडे हलवत ‘हुर्रा’ ओरडत होते. रागनाने गाल फुगवून पुन्हा फुंकलं. पोटाशी धरलेला बॅरिटोन, धाकट्या भावाएवढं जड ते पितळी वाद्य, ढिम्म.

सतरा मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, हा मुलांचा दिवस, असं मोठी माणसं दरवर्षी सांगतात. म्हणजे मुलांनी टाचा सोलवटेपर्यंत चालायचं आणि मोठ्यांनी अंगावर चांदीचे दागिने चढवून कडेला उभं राहायचं, डोळे पुसायचे.

गेल्या वर्षी रागना नुसती झेंडा घेऊन चालली होती. नवशिक्यांना वाद्य मिळत नाही. या वर्षी शाळेत संगीत शिकवणाऱ्या तोर्गाइरने तिला वाद्यासकट बँडमध्ये घेतलं. बॅरिटोन दोनच, एक सातवीतल्या तुवाचा आणि एक तिचा. बेकरीच्या कोपऱ्यावर सगळा बँड गप्प होतो आणि फक्त बॅरिटोनवाले चार सूर वाजवतात. त्याच कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून आजोबा बसणार होते.

त्या चार सुरांसाठी ती हिवाळाभर बोटीच्या शेडमध्ये घुमत बसली होती. घरात कुणी वाजवू देईना. आई म्हणायची, डोकं उठतं. बाप तर सरळ टीव्हीचा आवाज वाढवायचा. आजोबा तेवढे तिच्याबरोबर थंडीत कुडकुडत बसायचे. शाळेचा बँड आधी त्यांच्याच हाताखाली होता. तोर्गाइर त्यांचाच चेला. गुडघे गेले तेव्हा त्यांनी बँडला ताल द्यायची काठी त्याच्या हातात दिली.

खोटं कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“आजोबा, खरं सांगा हं. कसं झालं?”

“कुणाची गाय अडली आहे का गं तिकडे?”

मग दोघंही पोट धरून हसायची. हसू ओसरलं की ते म्हणायचे, “चुकू दे. पण मोठ्याने चूक. बँडमध्ये कुणीही जास्तीचं नसतं.” तोर्गाइरही वर्गात हेच म्हणायचा, अगदी याच शब्दांत. रागनाला हे वाक्य पाठ झालं होतं. झोपताना ती ते स्वतःलाच म्हणून दाखवायची.

आदल्या दिवशी तोर्गाइरने सगळ्यांची वाद्यं जमा करून घेतली होती. “घासूनपुसून चकाचक करून देतो.” सकाळी रांगेत एकेकाला परत दिली आणि सांगितलं, मिरवणूक निघेपर्यंत कुणी फुंकायचं नाही, म्हातारी माणसं झोपली आहेत. रागनाच्या हातात बॅरिटोन देताना त्याने तिचा गाल थोपटला होता. “जोर लावून फुंक हं!”

ती जोर लावत होती. कान तापले, डोळ्यांसमोर काजवे चमकले.

बेकरीचा कोपरा आला. ढोल थांबले. अख्खा रस्ता चिडीचूप झाला. खुर्चीतले आजोबा मान किंचित कलती करून ऐकत होते. रागनाने होता नव्हता तेवढा श्वास त्या पितळात ओतला. चार सूर निघाले. स्वच्छ, गोल, एकही घसरला नाही. चारही तुवाचे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रागना बोटं दाबत राहिली, गाल फुगवत राहिली. थांबली असती तर सगळ्यांना कळलं असतं की हिच्यातच काहीतरी बंद पडलंय.

शाळेच्या अंगणात बँड पांगला. मुलं सॉसेज आणि आइस्क्रीमच्या रांगेकडे पळाली.

“काय गं, आज तुझा रेडा हंबरला नाही?” तुवा म्हणाली.

तोर्गाइर समोरून आला. घामाघूम, खुशीत. “शाब्बास पोरांनो! आणि रागना, तू तर आज कमालच केलीस.”

रागना त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ऐकूच आलं नाही? की दया करतोय? ती वळली आणि बॅरिटोन कवटाळून उलट्या दिशेने धावत सुटली. लोक आइस्क्रीम सांभाळत बाजूला होत होते. खरं सांगणारं या गावात एकच माणूस होतं.

आजोबा अजून कोपऱ्यावरच होते. मांडीवर घोंगडी, हातात कॉफी.

“आजोबा, मी बिघडवला बॅरिटोन,” ती हुंदके देत म्हणाली. “किंवा मीच बिघडले. मी फुंकत होते हो, शपथ. येतच नव्हतं काही. चार सूर... तुमच्यासाठी...”

आजोबांनी कप खाली ठेवला. बॅरिटोन मांडीवर घेतला. वाजवून पाहिला नाही, कळा दाबून पाहिल्या नाहीत, कुठे पोचा आलाय का तेही पाहिलं नाही. बाही वर सारली, पितळी तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि घट्ट बसलेला फडक्याचा बोळा ओढून काढला. भांडी पुसायचं ओलं फडकं. ते त्यांनी रस्त्यावर झटकलं.

रागनाचं रडणं थांबलं. तिने फडक्याकडे पाहिलं. मग आजोबांच्या हाताकडे.

“गाढवच राहिला हा तोर्गाइर,” आजोबा मान हलवत म्हणाले. “आणखी आत सारायचं असतं, म्हणजे पोरांना संशयसुद्धा येत नाही. किती वेळा करून दाखवलं होतं मी त्याला.”