डेल्मरची शेवटची टपालपेटी

घरापुढची टपालपेटी पुन्हा आडवी झाली होती. डेल्मर क्रूगर पायजम्यातच रस्त्याच्या कडेला उभा राहून तिच्याकडे बघत होता. खांब वाकलेला, झाकण खड्ड्यात, आणि त्याने स्वतः मारलेला वेल्डिंगचा जोड केळीच्या सालीसारखा उकललेला.

"काल शुक्रवार होता ना," टपालवाली बर्नडीन गाडीत बसूनच म्हणाली. "शाळेचा सामना संपला, की कार्टी गाडीच्या खिडकीतून बॅट फिरवत पेट्या फोडत जातात. पण मला सांग, एवढ्या लांबलचक रस्त्यावर त्यांना तुझीच पेटी बरी दिसते?"

"बाकीच्यांच्या पत्र्याच्या आहेत. माझी मजबूत आहे, म्हणून चिडतात."

"जोड बघून तसं वाटत नाही बाबा," बर्नडीन म्हणाली, आणि टपाल त्याच्या हातात कोंबून निघून गेली.

हे मात्र डेल्मरला झोंबलं. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने तो घरात पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा फिरला होता. बायकोचे मसाल्यांचे डबे त्याने अक्षरांच्या क्रमाने लावले. चालू वॉशिंग मशीन उघडून बंद पाडलं. बटाटे कसे सोलावेत हेही तिला शिकवलं. मग एका शनिवारी पेटी पहिल्यांदा मोडलेली सापडली. ती सांधायला म्हणून त्याने वेल्डिंगचं मशीन आणलं. मागोमाग मुखवटा आला, ग्राइंडर आला, शिकंजे आले. तेव्हापासून तो गॅरेजातच राहायला गेल्यासारखा झाला. तो पेटी जोडायचा, कुणीतरी ती मोडायचं, तो पुन्हा जोडायचा. झोपेतसुद्धा त्याचा हात रॉड धरल्यासारखा थरथरायचा.

"आता ही शेवटची," त्या दुपारी तो बायकोला म्हणाला. "ही टिकली, की मशीन विकून टाकतो. मग मी, तू आणि आपलं स्वयंपाकघर."

आर्लिस बटाटा सोलत होती. तिची साल नेहमी अख्खी निघायची. त्या दिवशी मध्येच तुटली.

आठवडाभर गॅरेजातून निळा उजेड येत राहिला. कोंबड्यांना पहाट केव्हा होते तेच कळेना, त्यांनी अंडी देणं सोडलं. या वेळी पेटीला भंगारातल्या बॉयलरचा जाड पत्रा आणि रुळाच्या तुकड्याचा खांब. डेल्मर हातोडीने जोडावरची खपली उडवायचा, मुखवटा वर सरकवून बघायचा, पुन्हा खाली ओढायचा. जेवायला हाक मारली तरी उभ्यानेच खायचा. शेवटचा जोड वेणी घातल्यासारखा एकसारखा उतरला.

पेटी उभी राहिली त्या दिवशी दक्षिणेला निघालेले हंस वाट चुकले आणि दोन दिवस तिच्याभोवती घिरट्या घालत राहिले. तिच्या वजनाने रस्ताही त्या बाजूला कलला म्हणतात. मी काही मोजायला गेलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी डेल्मर खिडकीशी पहाऱ्याला बसला. पाय हलवत, दर गाडीला उठत. आर्लिसने त्याच्या ताटात लोण्यात परतलेले बटाटे तिसऱ्यांदा वाढले. शाळेचा सामना संपायच्या आतच तो खुर्चीत घोरू लागला.

सकाळी जाग आली तसा तो अनवाणीच धावला. पेटी जागच्या जागी होती. रंगाचा जरासा टवका उडाला होता, बस. खाली गवतात बॅटचे दोन तुकडे पडले होते.

तो बडबडतच घरात शिरला. "आर्लिस, टिकली गं. मारणाऱ्याचं मनगट कामातून गेलं असणार. उद्या चर्चमध्ये एकेकाशी हात मिळवतो. जो कण्हेल तोच पेटी फोडणारा. तू बघच आता."

आर्लिस टेबलाशी बसली होती. कॉफीचा कप तिने डाव्या हातात धरला होता. सुजलेल्या उजव्या मनगटावर गोठवलेल्या मटारांची पिशवी ठेवलेली होती.

डेल्मर पिशवीकडे बघतच राहिला.

"टिकली म्हणतोस?" आर्लिसने थकून विचारलं. "म्हणजे सोमवारपासून तू पुन्हा दिवसभर घरात?"