इंजिनाचे दिवे

चंद्राबाईच्या घरातली एखादी वस्तू हरवली, की ती थेट इंजिनात सापडायची.

नवरा महिपत जन्मभर रेल्वेत गँगमन. डिझेल इंजिन आलं की हातातली हत्यारं घेऊन रुळावरून बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं इंजिनाशी नातं. रिटायर होऊन गावी, कापड्याला परतल्यावर मात्र गड्यानं स्वतःचंच हातभर लांबीचं इंजिन करायला घेतलं. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलच्या तारांचे कठडे, चंद्राबाईच्या जुन्या चष्म्याच्या काचांच्या खिडक्या. सगळं जमलं, पण पुढच्या दोन दिव्यांसाठी मनाजोगतं काही मिळेना. पोलादपूरच्या भंगारवाल्यानंही हात टेकले.

शेवटी महिपतची नजर तिच्या मंगळसूत्रावर गेली.

"या दोन वाट्या बघ गो, जशा काय दिव्यांसाठीच केल्यात! नुसत्या मापाला तरी दे."

"येड लागलं काय? तुमच्या जिवासाठी घातलंय ते, खेळण्यासाठी नाय."

तेव्हापासून जेवताना तो तिच्या गळ्याकडे बघून हसायचा आणि ती लटक्या रागानं पदर ओढून घ्यायची. इंजिन तसंच आंधळं फळीवर बसून राहिलं.

महिपतच्या दहाव्याला बायकांनी नदीवर तिचं मंगळसूत्र उतरवलं, मणी पाण्यात सोडले आणि वाट्या तेवढ्या तिच्या मुठीत दिल्या. घरी आल्यावर तिनं फळीवरचं इंजिन खाली घेतलं.



वाट्या अगदी मापात बसल्या.