बरी झालेली बाई

“केमो पूर्ण कर, ताई. माझ्यासारखी अर्ध्यात सोडू नकोस.”

धाकट्या बहिणीचं हे बोलणं ताईने पाळलं. धाकटी मात्र कॅन्सरवर औषधाच्या पुड्या देणाऱ्या एका पुडीवाल्याच्या नादी लागून इस्पितळ सोडून बसली होती. दुखणं दोघींचं एकच. ताई राहिली, धाकटी गेली.

आता ताई बरी होत होती, म्हणजे सगळं पुन्हा शिकत होती. बोटांची टोकं बधिर. बटणं आरशात बघून लावावी लागत. साध्या पाण्यालाही लोखंडाची चव. टाळूवर कोवळी लव आलेली. तिने नेम धरला होता. सकाळी देवापुढे दिवा, मग भिंतीच्या आधाराने कोपऱ्यापर्यंत चालणं आणि परतल्यावर मोठ्याने प्रार्थना. तोंडातल्या फोडांनी आवाज पार बसला होता, तो तिला उठवायचा होता.

धाकटीच्या नवऱ्याला सलत होतं ते वेगळंच. तोच पुडीवाला आता ताईकडे येई, आणि ताई त्याला खुर्ची देई, पुडी दोन्ही हातांनी घेई.

पुडीवाला खुशीत होता. रविवारी त्याने सभा ठरवली होती, नवे रोगी जमणार होते. ताईने उभं राहून सांगायचं, पुडीने बरी झाले. इस्पितळाचं नाव तेवढं काढायचं नाही. ताईने विचारलं, लोक पुष्कळ येतील ना? लहान खोलीत तिचा जीव घुसमटे. त्याने मोठं सभागृह घेतलं. आवाज पोचायचा नाही म्हणाली, तर माइकही सांगितला. बाई भाबडी आहे, असं पुटपुटत तो जिना उतरला.

रविवारी मेहुणा दारातच आडवा आला. त्याने बरंच ऐकवलं. बहिणीला जाऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही तिच्या मारेकऱ्याचा डंका पिटायला निघालात. डोक्यावर केस आले, पण लाज गेली ती गेलीच. ताई खाली बसून चपला चढवत होती. पट्टा काही केल्या बोटांनी लागेना. शेवटी त्यानेच वाकून, दात-ओठ खात, तो लावून दिला.

“जाऊ नका, ताई.”

“शब्द दिलाय.”

“त्या भामट्याला?”

“तुमच्या बायकोला.”

तो दारातून जरा बाजूला सरकला.

“पुडी मी एकदाही जिभेला लावली नाही, भाऊजी. तो ज्यांना ज्यांना बोलावील, त्या सगळ्यांसमोर हे सांगायचंय. धाकटी कशी गेली, तेही. जाताना तिने तेवढंच मागितलं होतं. एवढ्यासाठीच तर बरी झाले.”

कठडा धरून ती सावकाश जिना उतरली. खाली पुडीवाला गाडीचं दार उघडून अदबीने उभा होता.