मिठीचा प्रवेश

"हा शेवट काढून टाकू," विपुल म्हणाला आणि त्याने वहीच्या शेवटच्या दोन पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

शाळेच्या हॉलमध्ये तालमीला दहा-बारा माणसं जमली होती. नत्थुजी हातोडीने तबला ठोकून सुरात लावत होते. ते थांबले.

शेंदूरजनाघाटला नवरात्रात दरवर्षी हेच नाटक होई. गावच्याच एका मास्तरांनी ते लिहिलं होतं. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. गोष्ट साधी होती. लग्नाशिवाय झालेला मुलगा, त्याला एकटीने वाढवणारी आई, आणि अगदी शेवटी भरसभेत 'हा माझाच मुलगा' असं कबूल करणारा बाप. बाप मुलाला मिठी मारतो आणि पडदा पडतो. गावात त्याला मिठीचा प्रवेशच म्हणत. सव्वीस वर्षं बापाचं काम शेषराव करत होते आणि मुलाचं देवीदास. शेषराव आता अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. देवीदास पंचावन्नचा होता आणि केस काळे करून विशीतला नायक होई. तरी त्या प्रवेशाला बाया डोळ्यांना पदर लावत.

विपुल शेषरावांचा नातू. तो अमरावतीत वाढला, नाटकाचं शिक्षणही तिथेच घेत होता. यंदा आजोबांनीच त्याला दिग्दर्शनासाठी बोलावलं होतं.

"काहून काढून राहिला बाप्पा?" नत्थुजींनी विचारलं. "लोक तेच त पाहाले येतेत."

"नत्थुजी, प्रत्येक सिनेमात हेच, प्रत्येक मालिकेत हेच. लग्नाबाहेरचं मूल असलं की शेवटच्या पाच मिनिटांत बाप येतो, रडतो, मिठी मारतो. खऱ्यात येतो का कोणी? जन्मभर गप्प बसलेला माणूस असा चारचौघांत कबूल होईल? मला तर पटत नाही."

आईचं काम करणाऱ्या पंचफुलाबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तुले काय माहीत हाये, बापू," त्या हळूच म्हणाल्या.

"मास्तरनं लय इचार करून लिहिलं हाये ते," नत्थुजी म्हणाले.

शेषराव समोर खुर्चीत बसले होते. "तो प्रवेश राहू दे," ते म्हणाले. "मी आता एखाद-दोन सालच करीन."

म्हाताऱ्याचा टाळ्यांचा मोह सुटत नाही, असं विपुलला वाटलं. तो हसला. "आबाजी, तुम्हाला दुसरं भाषण लिहून देतो ना. असं जोरदार, की हॉल डोक्यावर घेतील लोक."

"भाषण नको मले. तो प्रवेश पायजे." शेषराव खुर्चीत पुढे सरकले. "सालभरात मले तेवढंच..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

आजोबांना कोणाची विनवणी करताना विपुलने कधी पाहिलं नव्हतं. तो ओशाळला. "बरं, राहू द्या. पण मुलाचं काम अमोलला देऊ, तो विशीतला आहे. देवीदासभाऊ, राग मानू नका, आता तुमचं वय..."

"नाई," शेषराव म्हणाले. "तोच पायजे."

देवीदास दाराजवळ सतरंजीच्या कडेला बसला होता. दिवसभर संत्र्याच्या पेट्या भरून तो थेट तालमीला आला होता. शर्टाला अजून तणसाच्या काड्या चिकटलेल्या होत्या. तो उठून उभा राहिला.

"अमोललेच द्या," तो म्हणाला. "यंदा मी नाई करत."

"काहून?" शेषरावांनी विचारलं.

"तुमी मले छातीशी धरता. सारं गाव पायते. मंग पडदा पडते, आन् तुमी तोंडाचा रंग पुसून मागच्या दारानं निंघून जाता. सकाळी बाजारात दिसलो त दुसरीकडं पायता." देवीदासच्या बोलण्यात राग नव्हता. "सव्वीस साल झाले. एकडाव रंग न लावता म्हणा. इथंच म्हणा. मंग करतो मी."

विपुलने सगळ्यांकडे पाहिलं. नत्थुजी तबल्याकडे बघत होते. पंचफुलाबाई सतरंजीकडे. त्या हॉलमध्ये नवल वाटलेला तो एकटाच होता.

शेषरावांचे ओठ हलले. 'हा माझाच मुलगा' हे वाक्य रंगमंचावर सव्वीस वर्षांत एकदाही अडलं नव्हतं. ते खुर्चीच्या हाताला धरून अर्धे उठले. मग पुन्हा बसले आणि त्यांनी मान खाली घातली.

देवीदासने जरा वाट पाहिली. मग तो दाराबाहेर गेला आणि वाकून चपला शोधू लागला.

विपुलचं म्हणणं खरं ठरलं होतं. असा बाप येत नाही. पण खरं ठरण्यात त्याला काही सुख वाटेना. आठवडाभर या माणसाला तो इथे उभा राहा, तिकडून ये असं सांगत आला होता. आत्ता तो त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहत होता. आपल्या बाबांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल.

त्याने वही खाली ठेवली. शेषरावांच्या समोरून तो दाराकडे गेला आणि त्याने देवीदासचा हात धरला.

"मोठेबाबा," तो म्हणाला, "आज घरी जेवाले चाला."