अक्षम्य

अमेरिकेत मॉरिसव्हिलला सिद्धेशच्या घरी त्याच्या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच बघायला माजी विद्यार्थी जमले होते. एका विद्यार्थिनीला मारहाण केली म्हणून स्पोर्ट्स डायरेक्टरनं टीमच्या स्टार खेळाडूला, क्वार्टरबॅकला, बाहेर बसवलं होतं. टीम हरली.

"पोराला एक चान्स द्यायला हवा होता यार! क्षमा हीच तर आपल्या युनिव्हर्सिटीची शिकवण," सिद्धेश कळवळून म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. "आधी त्या डायरेक्टरला हाकला!"

मार खाल्लेली मुलगी शिक्षण सोडून घरी गेली होती. तिच्याच लॅबमध्ये काम करणारी मैत्री नावाची मुलगीही मॅच बघायला आली होती. ती म्हणाली, "मग डायरेक्टरलाही क्षमा करा ना, दादा."



"त्याला कशी करणार? त्याच्यामुळे मॅच हरलो आपण!"